डोळ्यातली हळद

आमच्या घरात पांढरं काही टिकत नाही. नवऱ्याचा सदरा, उशीचे अभ्रे, लेकीच्या शाळेचे मोजे, सगळ्यावर हळदीची झाक. सांगलीच्या मार्केट यार्डात मगदुमांची हळदीची अडत आहे, आजेसासऱ्यांपासूनची. माझं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, "त्रिशले, बाकीच्या नवऱ्या आठ दिवसांत हळद धुऊन निघतात, तू जन्मभर पिवळी राहणार बघ." राहिले की! तक्रार नाही माझी. हळदीनंच खाऊ घातलं आम्हाला.

आमच्या दुकानाची एक रीत आहे, ती आधी सांगते. सौद्याला ढीग मांडला की बाकीचे लोक लांबसडक, ठणठणीत हळकुंडं वर पसरतात. आमच्याकडं उलटं. किडकं, पोचट, पाणी लागलेलं जे असेल ते ढिगाच्या तोंडाशी ठेवायचं, घेणाऱ्याच्या डोळ्यासमोर. ही मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची शिस्त. "खोट आपल्या तोंडानं सांगावी, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा दार सोडत नाही," म्हणायचे. लोक हसायचे त्यांना. पण माल आमच्याकडंच घ्यायचे.

मामंजी गेले, मग थोरले भाऊजी गेले, आणि अडत सांभाळली ती राजमती अक्कांनी, माझ्या थोरल्या जावेनं. यार्डात सगळे पुरुष, त्यात ही एक बाई पदर खोचून उभी. हळकुंड मोडून नुसत्या आवाजावर सांगायच्या, नीट वाळलंय की नाही. माझे यजमान भूपाल हे त्यांचे धाकटे दीर. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा हे तिसरीत होते आणि सासूबाई नव्हत्या. ह्यांचं नाक पुसण्यापासून अभ्यास घेण्यापर्यंत सगळं अक्कांनी केलं. वहिनी म्हणतात खरं, पण ती आईच.

त्या अक्कांना रक्ताचा कॅन्सर निघाला. घरात रडारड झाली, फक्त अक्का सोडून. "रडून रक्त सुधारतं का? मग गप बसा," म्हणाल्या. मिरजेच्या डॉक्टर सबनीस मॅडमनी समजावून सांगितलं. म्हणाल्या, हा हळूहळू वाढणाऱ्यातला आहे, याला गोळी आहे. रोज एक, न चुकता. गोळी त्याला दाबून धरते, सोडली की तो पुन्हा डोकं वर काढतो. अक्कांनी एक दिवस चुकवला नाही. रिपोर्ट छान यायला लागले. पुन्हा यार्डात उभ्या राहिल्या, हमालांना शिव्या द्यायला लागल्या, आम्हाला हायसं वाटलं.

आता आमच्या ह्यांच्याकडं वळते. ह्यांचं मन अडतीत कधी रमलं नाही. कुपवाडला शेड घेतलं, यंत्रं आणली आणि हळदीचा अर्क काढून कॅप्सूल करायला लागले. "एका कॅप्सूलमध्ये मूठभर हळदीचा जोर आहे," सांगायचे, "आणि वर मिऱ्याचा अर्क. त्याशिवाय हळद अंगी लागत नाही." पहिली डबी आणून अक्कांच्या हातात दिली. "वहिनी, सकाळी दोन, रात्री दोन. तू मला वाढवलंस, मी तुला बरी करणार." यात लबाडी काडीची नव्हती. नवरा माझा आहे म्हणून सांगत नाही, नवऱ्याच्या लबाड्या मला चांगल्या ठाऊक आहेत. ही माया होती.

पण पुढचा रिपोर्ट चांगला आला तो हळदीनं, असं हे गावभर सांगत सुटले. मी म्हटलं, "अहो, त्याआधीचे रिपोर्ट कशानं चांगले होते?" तर म्हणाले, "तुला धंद्यातलं काय कळतंय!" हैदराबादच्या मोठ्या व्यापाऱ्याशी बोलणी लावली, लक्ष्मय्या शेठ म्हणून. डबीवर अक्कांचा फोटो छापायचा आणि शेठना अक्का प्रत्यक्ष दाखवायच्या, असा बेत ठरला. अक्का हसल्या. "म्हातारीचा फोटो बघून कोण घेणार रे?" पण आतून सुखावल्या होत्या.

उन्हाळा लागला आणि अक्कांचं अन्न तुटलं. भाकरीचा वास नको, ताक नको. रक्त तपासलं तर यकृताचे आकडे भलतेच वर गेलेले. मॅडमनी कागद खाली ठेवून विचारलं, "गोळीशिवाय आणखी काही घेता? काढा, चूर्ण, कुणी दिलेली पुडी?"

"छे हो!" अक्का म्हणाल्या. "तुमच्या गोळीशिवाय पोटात दुसरं औषध जात नाही."

मी शेजारी बसून मान डोलावली. खोटं बोलत नव्हतो आम्ही दोघी, देवाशपथ. मगदुमांच्या घरात हळदीला औषध कोण म्हणतं? आपण मीठ खातो, हे कुणी डॉक्टरला सांगतं का?

"मग गोळीच सोसत नसेल," मॅडम म्हणाल्या. "पंधरा दिवस बंद ठेवू."

घरी आलो तर ह्यांना उधाण. "बघ वहिनी! मी म्हणतच होतो, ती गोळी कडक. आता यकृत सुधारायला हळदच पाहिजे. दुप्पट कर." आणि अक्कांनी दुप्पट केली.

पंधरा दिवसांनी आकडे आणखी वर. मॅडमनी अक्कांचं पोट दाबून बघितलं. त्यांचा चेहराच उतरला. "गोळी बंद असून वाढतंय, याचा अर्थ लागत नाही. दुसरी गोळी आहे, पण अशा यकृतावर ती सुरू कशी करू? आणि फार दिवस गोळीविना ठेवताही येत नाही. आजार उठेल. आठवड्यानं या. मुंबईला जायची तयारी असू द्या."

परतताना अक्का गाडीत एकच वाक्य बोलल्या, "यंदाचा हंगाम बघून जावं म्हणते." ही बाई कधी असं बोलत नाही.

त्या आठवड्यात महावीर जयंती होती. अक्कांना मंदिरात जायचं होतं, पण उभं राहवेना. मी म्हटलं, चला, मी न्हाऊ घालते. पाटावर बसवलं. डाळीचं पीठ लावून पाठ चोळली, हात चोळले, मान चोळली. हळद काही निघेना.

"अक्का, किती दिवस झाले यार्डात गेला नाहीत, तरी रंग कसा जात नाही?"

"चाळीस वर्षांचा रंग आहे गं, एका आंघोळीत जातो होय?"

मी साबण घेतला, घासलं. कातडी लाल झाली, लाली ओसरली की पुन्हा पिवळी. आणि माझं लक्ष मोरीकडं गेलं. वाहून जाणारं पाणी स्वच्छ होतं. आमच्या घरात आंघोळीचं पाणी पिवळं जातं, लग्न झाल्यापासून बघतेय मी. हळद निघत नव्हती, कारण हळद नव्हतीच. मी अक्कांची हनुवटी धरून तोंड खिडकीकडं वळवलं. डोळ्यांचं पांढरं पिवळं धमक झालेलं. अगं बाई! डोळ्यात कुठली हळद?

कावीळ झाली होती. दुसऱ्या कुठल्या घरात पहिल्याच दिवशी कळली असती. आमच्यात माणूस पिवळं दिसलं तर कुणी वळून बघत नाही.

मी तिथंच ओल्यात खाली बसले. गोळी तर बंद आहे, मग पोटात जातंय काय? पेज, मुगाचं पाणी, आणि कॅप्सूल. आता दुप्पट.

"अक्का, ती डबी."

"कुठली डबी?"

"ह्यांची. डॉक्टरला आपण सांगितलेलीच नाही."

अक्का भडकल्या. अंगात ताकद नव्हती, पण जीभ शाबूत होती. "शुद्धीवर आहेस का? हळदीनं कावीळ होते कुणाला? या हळदीवर घर उभं आहे, त्रिशले. आणि भूपालच्या मालाला मी मिरजेत जाऊन नाव ठेवू? रविवारी त्याची माणसं यायचीत!"

"आमटीतल्या हळदीनं होत नाही, मला ठाऊक आहे. पण ही चिमूटभर नाही, मुठीमुठीनं आहे. मी काही डॉक्टर नाही, अक्का. पण एवढं सांगा, मामंजी असते तर आज ढिगाच्या तोंडाशी काय ठेवलं असतं?"

अक्कांनी ओले केस पिळून मागं टाकले. मग म्हणाल्या, "पंचा दे. आणि डबी पिशवीत घाल."

हे न्हाणीच्या दाराबाहेर उभे होते. सगळं ऐकलं होतं. "त्रिशला, माझा धंदा बुडवायला निघालीस तू! शेठ रविवारी यायचाय आणि तू डॉक्टरपुढं माझी डबी नेऊन ठेवणार?"

"धंदा बुडाला तर पुन्हा उभा करू," मी म्हटलं. "अक्का बुडाल्या तर कुठनं आणणार आहात? कुपवाडला तयार होतात का त्या?"

हे आमच्याबरोबर आले नाहीत. मी आणि अक्का रिक्षानं मिरजेला गेलो.

मॅडमनी डबी उलटसुलट करून वाचली. मग अशा कडाडल्या की बाहेरची नर्स डोकावून गेली. "बाई, मी विचारलं होतं तुम्हाला!"

"तुम्ही औषध विचारलंत, मॅडम," अक्का म्हणाल्या. "ही हळद आहे."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग खुर्ची पुढं ओढून बसल्या. "जेवणातली हळद खा, मी अडवत नाही. हे तिचं सत्त्व आहे, वर मिऱ्याचा अर्क. पुष्कळांना सोसतं, काहींच्या यकृताला अजिबात सोसत नाही. शिवाय आमची गोळी यकृतच पचवतं. असल्या अर्कानं त्यात अडथळा आला, तर गोळी रक्तात नको तेवढी साठू शकते. दोन्ही एकदम पोटात, मग मी दोष कुणाला देणार? दिला गोळीला. हिचा दोष आहे की नाही, ते डबी बंद केल्यावर कळेल."

"पण हळदीनं कॅन्सर जातो म्हणतात," मी विचारून टाकलं.

"प्रयोगशाळेत काचेच्या नळीत पुष्कळ काही जातं. माणसानं गोळी सोडून हिच्यावर विसंबावं, असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. घ्यायचंच असेल तर आधी मला दाखवायचं. लपवायचं नाही."

"लपवलं नाही हो," अक्का पुटपुटल्या. "सुचलंच नाही."

डबी बंद झाली. पहिल्या तपासणीला आकडे जागेवर थांबले, दुसरीला उतरले, तिसरीला सरसर खाली आले. डोळे निवळले. मॅडमनी गोळी पुन्हा सुरू केली, आणि अक्कांनी त्या दिवशी अख्खी भाकरी खाल्ली, वर ठेचा मागितला. मी स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून रडले, सांगायला लाज कसली?

ह्यांनी तेवढे दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आमटीत मीठ कमी पडलं तरी लेकीला सांगायचे, "आईला सांग." शेठचं येणं मात्र पुढं ढकललं होतं. पिवळी पडलेली वहिनी दाखवायची कशी? अक्का उजळल्या तशी शेठना तारीख कळवली. माझा जीव जळला. म्हटलं, या माणसाला वहिनी हवी आहे की फोटो?

शेठ आले, बरोबर त्यांचा पुतण्या. अक्का खुर्चीत बसल्या होत्या, धुतलेली साडी, तेजदार चेहरा. ह्यांनी आधीच बजावलं होतं, "वहिनी, तू काही बोलू नकोस. नुसती बस." अक्का म्हणाल्या होत्या, "बसते की. माल तुझा, तोंडही तुझं."

मी चहा नेला तो मनात ठरवूनच, की हे खोटं बोलले तर ट्रे आपटायचा आणि सगळं सांगून टाकायचं.

लक्ष्मय्या शेठनी हात जोडले. "ह्याच का त्या ताई? तुमच्या कॅप्सूलनं बऱ्या झालेल्या?"

हे अक्कांकडं बघत राहिले. अक्का सांगितल्याप्रमाणं गप्प.

"शेठ, आमच्या दुकानात खोट आधी सांगतात," हे म्हणाले. "वहिनी बरी आहे ती डॉक्टरच्या गोळीनं. माझ्या कॅप्सूलनं तिला कावीळ झाली. मी दुप्पट घ्यायला लावली. थोडक्यात वाचली."

मी ट्रे हळूच टेबलावर ठेवला. पुतण्यानं शेठकडं पाहिलं. शेठ म्हणाले, "मग हे मला विकता कशाला?"

"धडधाकट माणसाला विकीन. पण डबीवर ठळक छापणार, कुठल्याही आजाराची गोळी चालू असेल तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय घेऊ नये. आणि वहिनीचा फोटो नाही."

शेठनी चहा अर्धा ठेवला. "कळवतो," म्हणाले आणि उठले. 'कळवतो' म्हणजे काय, हे यार्डात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

गाडी गेली. हे पायरीवरच बसून राहिले. अक्कांनी आतून हाक मारली, "भूपाल, इकडं ये."

आले, आणि खुर्चीपाशी खालीच बसले.

"तू स्वतः किती घेतोस रे त्या?"

"चार."

"उद्या माझ्याबरोबर चल मिरजेला. रक्त दे. डोळे दाखव बघू." अक्कांनी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. "फोटो लावायचाच असेल तर तुझा लाव डबीवर. आज तू अगदी मामंजींसारखा दिसलास."

मी जवळ जाऊन वाकून नीट बघितलं. ह्यांचे डोळे लाल झाले होते, पिवळे नव्हते.