मोऱ्याहून आणलेली होडी

काशिरामने स्वतःच्या घरावरची कौलं विकली तेव्हा पनवेलच्या कोळीवाड्यातल्या बहुतेकांना तो वेडा झाला असंच वाटलं. दिवाळी नुकतीच झाली होती. पाऊस सात महिने लांब होता, तोवर झावळ्यांवर भागवू, असं तो म्हणत होता. त्याची बायको शांती शिडीखाली उभी राहून एकेक कौल हातात घेत होती. तिने त्याला अडवलं नाही. अडवलं तर दुसरं काय करायचं, हे तिलाही सुचत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत काशिराम दुसऱ्याच्या मचव्यावर खलाशी होता. एकदा नांगराचा दोर डाव्या हातावर आवळला आणि मधली तीन बोटं गेली. तेव्हापासून कुठल्याही मचव्याच्या तांडेलाने त्याला घेतलं नाही. मिठागरावर गेला तर फावडं धरता येईना. शांती लोकांची मासळी बाजारात नेऊन विकायची, तेवढ्यावर चूल पेटायची. गेल्या पावसाळ्यात तीही रोज पेटेना, म्हणून त्यांनी मुलीला करंजाला मामाकडे पाठवलं. जाताना पोर रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "तिकडं रोज भात असंल का?"

त्या दिवसापासून काशिरामच्या डोक्यात एकच होतं. आपल्याला कोणी होडीवर घेत नसेल, तर होडी आपलीच हवी.

मोरा बंदरात दाजी नावाच्या एका म्हाताऱ्याची लहानशी शिडाची होडी किनाऱ्यावर पडून आहे, असं त्याने ऐकलं होतं. नवरा-बायको पहाटे पायी निघाली, जासईवरून संध्याकाळी मोऱ्याला पोचली आणि दाजींच्या ओटीवर झोपली. सकाळी दाजींनी होडी दाखवली. दीड वर्ष उन्हात वाळून तिच्या फळ्यांमध्ये फटी पडल्या होत्या. काशिरामने तळाच्या फळीत खिळा टोचून पाहिला. एका जागी तो सरळ आत गेला. काशिरामने खिळा हळूच काढून घेतला.

दाजी स्वतःच म्हणाले, की ही फळी बदलावी लागेल, आणि तीन दिवस होडी पाण्यात बुडवून ठेवली तर बाकीच्या फटी मिटतील. किंमतही त्यांनी थोडीच सांगितली. मग पैसे घेताना त्यांना काशिरामचा डावा हात दिसला आणि त्यांनी आपला हात मागे घेतला.

"सुकाणू तू धरशील. शिडाची दोरी कोन धरंल?"

काशिराम म्हणाला, की दातात धरीन. त्याने म्हाताऱ्याचे पाय धरले. दाजी नकाराची मान हलवत राहिले. जाळं टाकायला बाप्यांनी जायचं आणि मासळी विकायची बायकांनी, अशी कोळीवाड्यातली रीत होती. शिडाच्या दोरीला बाईचा हात कोणी पाहिला नव्हता.

"दोरी मी धरीन," शांती म्हणाली.

"कदी धरलीस?"

"नाय धरली. पन धरीन."

दाजींनी एकदा तिच्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी पैसे घेतले, आणि तीन दिवस थांबा, असं पुन्हा बजावलं.

काशिराम थांबला नाही. तीन दिवसांत म्हाताऱ्याचं मन फिरेल, या भीतीने त्याला धीर धरवेना. फटींत कापूस कोंबून, वरून डांबर फासून दुपारी भरती लागताच त्याने होडी लोटली. वारा पश्चिमेचा होता. न्हावा गावापर्यंत सगळं ठीक चाललं. मग तळाशी पाणी दिसू लागलं. काशिरामने सुकाणू डाव्या काखेत दाबलं आणि तो उजव्या हातात डबा घेऊन पाणी उपसायला लागला. उपसावं तेवढं पुन्हा येत होतं. शांती दोरी ओढून बसली होती. तिचे तळहात सोलवटून दोरी लाल झाली होती.

अचानक वाऱ्याचा झोत आला आणि होडी एका अंगावर कलली.

"सोड!" काशिराम ओरडला.

तिला सोडता येईना. हात निसटतो म्हणून तिने दोरी मनगटाला गुंडाळली होती. काशिरामने सुकाणू टाकून सुरीने दोरी कापली. शीड फडफडत सुटलं, होडी सरळ झाली, पण काठोकाठ भरली. दोघं पाण्यात उतरली. छातीपर्यंत पाणी, खाली चिखल. ढकलत ढकलत त्यांनी ती तिवराच्या झुडपांच्या कडेला आणली. तिथे काशिराम होडीच्या काठाला डोकं टेकून रडला. घर उघडं केलं, पोर लोकांच्या दारात ठेवली आणि हातात आलं हे कुजकं लाकूड, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

शांतीने त्याची समजूत घातली नाही. तिने लुगड्याचा पदर फाडला, चिखलात मळला आणि कुजक्या जागेत टाचेने ठोकून बसवला. "भरती अजून हाय," ती म्हणाली. "उपसा."

दोघांनी होडी उपसली. शांतीने तुटक्या दोरीला गाठ मारली आणि परत जागेवर बसली.

दिवस मावळायच्या बेताला होडी पनवेलच्या बंदराला लागली. धक्क्यावर पुरुष उभे होते. शिडाच्या दोरीला बाई बघून कोणी होडी धरायला वाकलं नाही. शेवटी मासळी विकणारी म्हातारी गुणाबाई चिखलात उतरली आणि तिने होडी ओढून घेतली. शांतीला मुठी उघडता येत नव्हत्या. गुणाबाईने तिची बोटं एकेक करून सोडवली.

नवी फळी बसायला महिना लागला. मग दोघं खाडीत गेली. पहिल्या दिवशी जाळ्यात चार बोय मासे आणि ओंजळभर कोलंबी आली. दुसऱ्या दिवशी शांती हातांना फडकी बांधून बाजारात स्वतःची मासळी विकायला बसली, तेव्हा शेजारच्या बायकांनी आपल्या पाट्या सरकवून तिला जागा करून दिली.