सुजलेले पाय आणि अठरा शास्त्रज्ञ

विज्ञान साध्या माणसाला कसं सांगावं, हे मी नऊ देशांतल्या अठरा मराठी शास्त्रज्ञांना घरबसल्या शिकवते. कोणी नाश्ता करत ऐकतं, कोणी जांभया देत. वर्गाचा नियम एकच, पण कडक: कोणाच्याही घरातलं, अगदी माझ्याही, माणूस कॅमेऱ्यात दिसलं की त्याला धरायचं आणि आपलं संशोधन समजावून द्यायचं. आतापर्यंत चार सासवा, एक गवंडी आणि एक गरोदर वहिनी बळी पडल्या आहेत.

त्या दिवशी माझंच डोकं फिरलं होतं. बाबांचे पाय सुजून टम्म झाले होते आणि सकाळी त्यांच्या उशीखाली गोळ्यांचं अख्खं पाकीट सापडलं. कमजोर हृदयामुळे अंगात साठलेलं पाणी काढणाऱ्या गोळ्या. त्या चुकवल्या तर आठवड्याभरात दवाखान्यात भरती, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी बाबांना हृदयाचं हलतं चित्र दाखवलं, वर भरपूर बोलणीही ऐकवली. ते ढिम्म.

मला भीती वाटत होती, म्हणून मी चिडत होते. वर्ग सुरू होताच त्यांना हाताला धरून कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि फर्मान काढलं की यांना गोळी घ्यायला लावा, आजची परीक्षा हीच.

सगळे तुटून पडले. कोणी मूत्रपिंडांचं चित्र काढून दाखवलं, कोणी मिठावर घसरलं. बाबा कौतुकाने मान डोलवत होते, गोळीकडे मात्र बघत नव्हते. उरला शेवाळाचा अभ्यासक. काही विचारलं की हा तोंडात गुळणी धरून बसायचा, त्यामुळे त्याला नापास करायचं मी ठरवूनच टाकलं होतं.

तो चाचरत म्हणाला, "आजोबा, गोळी घेतली की तुम्हाला काय होतं?"

बाबा एकदम खुलले. "सारखं जावं लागतं. बाथरूम घरात एकच, तेही हिच्या खुर्चीमागे. आणि हिचे वर्ग दिवसभर. मधून गेलो तर तुम्ही मला धरून शेवाळ शिकवणार."

अठरा खिडक्यांत हसू फुटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, मला सांगायचं ना."

"सांगणारच होतो. तुझं बोलून झालं की."

शेवाळवाल्याला पैकीच्या पैकी द्यावे लागले. बाबांनी गोळी गिळली, अर्ध्या तासात उठले आणि ऐटीत माझ्या मागून गेले. मी मुकाट्याने खुर्ची सरकवून वाट दिली.