रईसची नाडी

अडकलेला नांगर सोडवायला माझा नवरा, अवदल्ला, खोल बुडाला आणि घाईने वर आला. नावेचा रईस, म्हणजे कप्तान ना! दुसऱ्याला पाठवणं त्याच्या मिशांना शोभत नाही. वर येताच कमरेखालून पाय लुळे. रक्तात हवेचे बुडबुडे झाले होते. आमच्या कुसेरच्या किनाऱ्यावर याला एकच उपाय, दाब वाढवून शुद्ध प्राणवायू देणारी दवाखान्यातली लोखंडी टाकी. आणि टाकीची डॉक्टर आमचीच मुलगी, इन्शिराह.

तिचा सहकारी डॉक्टर मेधत म्हणाला, "यांचं हृदय आधीच कमजोर. अशा प्राणवायूने रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर भार पडतो. छातीत पाणी झालं तर?"

"आणि नाही दिला, तर बाबा कधीच चालणार नाहीत. मी स्वतः आत बसते."

दार बंद झालं. मी जाड काचेला नाक लावून उभी. पडद्यावर नाडीचा आकडा घसरू लागला.

"मेधत बेटा, काळीज थांबतंय का रे त्यांचं?"

तोही घाबरला. माइकवर ओरडला, "इन्शिराह, बाहेर काढू या!"

आतून तिचा शांत आवाज आला. "नको. आई, रक्तात प्राणवायू भरपूर झाला की हृदय आपणहून सावकाश चालतं." मग तिने बापाच्या पाठीला नळी लावून ऐकलं. "फुप्फुसं स्वच्छ आहेत. रक्तदाब चढलाय, पण झेपतोय. चालू ठेवा."

ती पुन्हा पुन्हा पाठ ठोकून ऐकत राहिली. मधे थोडा वेळ साधी हवा घ्यायला प्राणवायूचा मास्क काढला तसा रईस खेकसला, "सारखी पाठ काय ठोकतेस गं? मी कलिंगड आहे का?"

"कलिंगड गप्प तरी बसतं, बाबा."

थोड्या वेळाने तो किंचाळला, "आई गं! पायाला चिमटा कोण काढतंय?"

चिमटा तीच काढत होती. काचेतून माझ्याकडे बघून हसली, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

नंतर आणखी काही वेळा टाकीत बसावं लागलं, पण शेवटी तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. बंदरावरचे सगळे दारात जमले होते. कुणीतरी विचारलं, "रईस, मोठा डॉक्टर कैरोहून आणला होता का?"

"कैरोहून कशाला?" त्याने इन्शिराहच्या खांद्यावर हात ठेवला. "ही माझ्या नावेवर वाढलेली पोर आहे."

मी लग्नात घालतात तशी जीभ हलवून लांबलचक किलकारी घातली.

"आई, दवाखाना आहे हा!"

"असू दे," म्हटलं, आणि दुसरी घातली.