तीन हातांची शपथ

आमच्या गल्लीत कोणाले बी इचारा, पार्बताबाई फुलवाली कशी हाये? म्हणतील, तोंडानं फटकळ पण चालीनं सरळ. पहाटे फुलबाजारात जायचं, उन्हं चढेपर्यंत हार गुंफायचे, देवळाबाहेर बसायचं अन् दुपारी तीनले घरी. तीस वर्षं हेच. नवरा गेला तरी तेरवी झाल्याबरोबर टोपली घेऊन बसली होती मी. कोणापुढं हात नाही पसरला.

अन् पोटचा पोट्टा दारुडा निघाला. जीवन त्याचं नाव. सव्वीस वर्षांचा, हातात ऑटो, घरात गीतांजलीसारखी गुणाची बायको, पाच वर्षांची पोरगी प्रतीक्षा. नुसती दारू नाही, मधात मधात नशेच्या गोळ्या बी घ्यायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोरीले शाळेतून आणता आणता यानं ऑटो नालीत घातला. लेकराच्या हनुवटीले पाच टाके पडले. अन् हा बाप्पा बाजूले बसून हासत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याले देवापुढं उभा केला. म्हणलं, "ठेव पोरीच्या डोक्यावर हात अन् घे शपथ."

आमच्यात शपथेचा कायदा सोपा हाये. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतली अन् मोडली, तर ते लेकराले भोवते. अन् ज्यानं घातली त्यानंच तोंडानं 'सुटली' म्हणलं तरच ती सुटते. दुसऱ्या कोणाच्या बापाले सोडवता येत नाही.

गीतांजली रडकुंडीले आली. "आत्याबाई, लेकराच्या डोक्यावर नका ना."

"तू गप वं! तुह्या लाडानंच वाया गेला हा."

जीवननं हात ठेवला. मंग म्हणते कसा, "मी एकटाच काहून? घरात सगळेच राहतात."

मले रागच आला. म्हणलं, घे मंग! गीतांजलीचा हात धरून त्याच्या हातावर ठेवला अन् सगळ्यात वरतून माहा. मले कोणी ठेव म्हणलं नव्हतं. मीच तोऱ्यात ठेवला. "या घरात कोणी दारूचा थेंब तोंडाले लावणार नाही," म्हणलं. तीन हातांच्या खाली पोरगी मान आकसून उभी होती. "आजी, जड लागते," म्हणाली. मी हासली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी चारच्या सुमाराले प्रतीक्षा अंगणात बाहुलीचं लग्न लावून राहिली होती. मी आत पलंगावर पडली होती. एकदम हासण्याचा आवाज आला. लेकराचं हासणं नव्हतं ते. जाडं, ओढलेलं. बाहेर येऊन पाह्यलं तं पोरगी भिंत धरून उभी. एक पाय टाकला की दुसरा भलतीकडं. डोळे लाल. मले पाहून म्हणाली, "काऽय पाहून राह्यली?" अन् धपकन बसली. जवळ घेतली तं तिच्या तोंडाले आंबूस गोड वास.

मी घर पालथं घातलं. जीवनच्या गादीखाली, ऑटोच्या सीटमागं, न्हाणीत. काहीच नाही. दोन तासांनी पोरगी उठली अन् भूक लागली म्हणाली. तिले काही आठवत नव्हतं.

जीवन घरी आला तसा मी खराटा घेतला. "कुठं ढोसली रे, मुडद्या?"

"माय, तुह्या गळ्याची शपथ, शिवली बी नाही."

"माह्या गळ्याची आता? पोरीची पुरली नाही का?"

तो माह्या तोंडापुढं येऊन फुंकला. वास आला नाही. मी म्हणलं, चोट्टा वेलची चावून आला असन. मारला त्याले. चांगला मारला. त्यानं हात वर केला नाही, अन् त्याच्यानं माहा संशय अजून वाढला.

मंग हे रोजचं झालं. चार वाजले की पोरगी डुलाले लागे. डॉक्टरनं तपासलं, काही निघालं नाही. कागद बाजूले सारून त्यानं इचारलं, "घरात पितं कोण?" मी जीवनकडं बोट केलं. जीवन खाली पाहून राहिला. पोरगी दिवसेंदिवस वाळत चालली होती. हनुवटीचे टाके निघाले, जखम भरली, पण गाल आत गेले. लेकरू हातचं जाते का काय, हेच दिवसभर डोक्यात. हार गुंफता गुंफता सुई बोटात घुसे.

जुन्या शहरात अकीला आपा हाये. दवाखान्यात नर्स होती, रिटायर झाली. तिचा धाकटा भाऊ उजैर नशेच्या गोळ्यांच्या पायी गेला, तवापासून दर गुरुवारी ती वरच्या खोलीत बैठक भरवते. पिणारे पोट्टे येतात, त्याइच्या माया येतात, बायका येतात. गीतांजलीनं मले ओढत नेलं.

आपाच्या बैठकीचा एकच नियम. ज्यानं त्यानं स्वतःचं सांगायचं, दुसऱ्याचं नाही. माही पाळी आली तं मी सुरू झाली. जीवन असा, जीवन तसा, शपथ घेऊन मोडली, लेकराले भोवून राह्यलं. आपानं मधातच अडवलं.

"पार्बताबाई, ये तो जीवन का हुआ. तुमचं सांगा."

"माहं काय हाये सांगाले? मी तं भोगून राहिली!"

"ठीक है. पुढच्या गुरुवारी सांगा." मंग हळूच म्हणाली, "और बाई, अपने यहाँ कसम नाही चालत. फक्त आजचा दिवस. कसम का बोझ किसी के सर पे जाता है."

मले तिचा असा राग आला! उतरताना जिन्यावर मी गीतांजलीले म्हणलं, हिले स्वतःचा भाऊ वाचवता आला नाही, मले शिकवते. आपा मागंच उभी होती. तिनं ऐकलं. माही वर राहिलेली पिशवी हातात दिली.

पण तिनंच धावपळ करून जीवनले अमरावतीच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात घातलं. चाळीस दिवस. फाटकाबाहेर पाय नाही, रोज मशीनमध्ये फुंकायचं. मी म्हणलं, चला, लेकरू सुटलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पोरगी डुलली.

मी केंद्रात फोन लावला. "अहो, तुमच्या नाकाखाली पिऊन राहिला तो!" तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "मावशी, जीवन माझ्यासमोर बसून लसूण सोलतोय." हा पीत नाही. मंग लेकराच्या अंगात काय हाये?

पहिला महिना कोणाले भेटू देत नाहीत, पोरगी तवर डुलतच राहिली; मंग भेटीचा रविवार आला. पोरीले घेऊन मी सकाळच्या बसनं अमरावतीले गेली. जीवनचे डोळे धुतल्यासारखे साफ होते. गाल भरले होते. पोरीले मांडीवर घेऊन तो रडला. म्हणाला, "माय, शपथ घेतली तवापासून एक थेंब नाही. गोळी नाही. तू मारत होती तवा बी प्यालो नव्हतो."

मले त्याच्याकडं पाहवलं नाही. तरी म्हणलं, काही का असेना, शपथ मी घातली, मीच सोडते. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला अन् सगळ्यांदेखत म्हणलं, "सुटली. जीवनची शपथ सुटली. गीतांजलीची बी सुटली." चार वाजले. साडेचार झाले. पोरगी नळावर पाय भिजवत खेळत होती. काही झालं नाही. परतीच्या बसमध्ये मी तिले मांडीवर घेऊन ढसाढसा रडली, आनंदानं.

सोमवारी दुपारी देवळाबाहेरून घरी आली. कालच्या बसच्या धक्क्यांनी गुडघे ठणकत होते. मी दार लोटलं, पलंगाखालच्या पेटीतून औषध काढलं.

आता सांगतेच. मोहाची बाटली होती ती. मेळघाटाकडून येणारी एक बाई फुलांच्या बदल्यात देत असे. नवरा गेला त्या साली गुडघ्याले चोळाले आणली. मंग एक टोपण पोटात. मंग दोन. मंग टोपणानं भागेना, वाटी घेतली. रोज चार वाजता, दार लोटून. बारा वर्षं. देवाची शपथ घेऊन सांगते... नाही, शपथ नको. खरं सांगते, मी तिले दारू म्हणतच नव्हती. औषध म्हणायची. हात वर ठेवला तवा बी माह्या मनात ती बाटली आली नाही.

वाटी तोंडाले लावली. एक घोट गेला. बाहेर खेळण्याचा आवाज थांबला.

मी वाटी खाली ठेवली. दाराच्या फटीतून पाह्यलं. प्रतीक्षा अंगणाच्या मधोमध दाराकडं तोंड करून उभी होती. ओठावरून जीभ फिरवून राहिली होती. मी अजून एक घोट घेतला. तिच्या नरड्यात घोट उतरताना दिसला मले. मंग ती बोलली. आवाज तिचा नव्हता, माहा होता. रोज वाटी भरताना मी मनाशी जे बोलायची, तेच, तसंच लाडीगोडीनं:

"अजून जराशीक, पार्बता. कोण पाह्यते?"

मी तिसरा घोट घेतला.

काहून घेतला, सांगू? खात्री कराले असं मी गीतांजलीले सांगतलं. खोटं हाये. लेकरू डोळ्यापुढं डुलताना दिसत होतं अन् तरी मले पाह्यजे होता म्हणून घेतला. ती खाली पडली तवा कुठं वाटी हातातून सुटली.

बाटली मोरीत ओतली. गुरुवारी आपाच्या खोलीत गेली. म्हणलं, "मी पार्बताबाई. मी पिते. पोट्ट्याले मारलं मी, तो पीत नसताना." आपानं खुर्ची जवळ ओढली.

"आपा, जीवनची मी सोडली. माही कोण सोडणार? मले कोणी घातलीच नव्हती. मीच ठेवला हात."

आपानं माहा हात हातात घेतला. मंग म्हणाली, "तो छूटेगी नहीं बाई. निभानी पडेगी. आजचा दिवस."

जीवन चाळीस दिवस पुरे करून आला. मी त्याच्या पाया पडाले वाकली तं त्यानं वरच्या वर धरलं. "माय, येडी का तू?" तरी त्यानं तोंडानं म्हणून पाह्यलं, "सुटली, मायची शपथ सुटली." गीतांजलीनं बी म्हणलं. काही फरक पडत नाही, आमाले तिघाइलेही माहीत होतं.

पोरगी आता डुलत नाही. वास येत नाही. मले वाटलं, निभलं. रात्री झोप नाही, अंगावर मुंग्या चालल्यासारखं होते, पण लेकरू वाचलं ना, मंग मरो ते.

काल अकरावा दिवस होता. चार वाजले. माहं तोंड कोरडं पडलं, नुसतं त्या वाटीचं चित्र दिसाले लागलं. मी भिंतीले टेकून डोळे मिटून बसली. कोणी तरी माह्या मांडीवर हात ठेवला. हात कापत होता. मले वाटलं माहाच हाये.

प्रतीक्षा होती. कपाळ घामानं भिजलेलं, ओठ फाटलेले. दातावर दात वाजत होते.

"काय झालं, माय माही?"

"मले पाह्यजे, आजी."

"काय पाह्यजे?"

"तुले माहीत हाये." ती माह्या कुशीत घुसली. लेकराच्याच आवाजात, कानाशी, इतकं गोड बोलली की माहं काळीज फाटलं. "आजी, तू घे ना. एकच टोपण घे. तू घेतलं की मले बरं वाटते."

दाराशी जीवन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. तो आत आला नाही, अन् हलला बी नाही. आपण कोणाकडं पाहून राहिलो आहो, मायकडं का लेकीकडं, हे त्याले समजत नसावं.

मी नाही म्हणलं.

पोरगी किंचाळली. मले बोचकारलं. दंडाले चावली, रक्त निघेस्तोवर. मी तिले छातीशी आवळून धरलं, तिची थरथर अन् माही थरथर एकच होऊन गेली. "आजचा दिवस, माय, फक्त आजचा," मी म्हणत राहिली, अन् ती रडत रडत एकच इचारत होती, "उद्या देशील ना, आजी?"