आधी कोण उतरणार

बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या त्या संघाची एक रीत होती. सामन्याच्या दिवशी सकाळचा सराव संपला, की दोन गोलकीपरांपैकी जो आधी बर्फावरून उतरेल, तो संध्याकाळी खेळणार. कोचसाहेबांनी नुसती मानेने खूण करायची. तोंडाने बोलावं लागू नये म्हणून त्यांनीच ही रीत पाडली होती.

आज मात्र मान हलायला तयार नव्हती. बाद फेरीत पाच सामन्यांच्या मालिकेत दोन-दोन बरोबरी झालेली. आज हरले की हंगामाला रामराम. परवा थोरल्या गोलकीपरने सहा गोल खाल्ले होते, तेही मनापासून जेवल्यासारखे. आणि थोरला म्हणजे कोचसाहेबांचा सख्खा मेहुणा.

"त्याला बसवलंत तर घरात तुम्हीही राखीवच," सौभाग्यवतींनी चहाबरोबर कळवलं होतं. स्केट्सच्या ब्लेडना धार लावणारा म्हणाला होता, "नव्यालाच घाला." सेक्रेटरींनी दोन्ही बाजूंनी मत दिलं होतं, म्हणजे काहीही घडलं तरी "मी म्हणालोच होतो" म्हणायला मोकळे.

सराव संपून वीस मिनिटं झाली. बाकीचे अंघोळी उरकून बसले. हे दोघे आपापल्या जाळीपुढे तसेच उभे. खुणेशिवाय आधी उतरणं थोरल्याला हावरटपणाचं वाटे, आणि नव्याला, ज्याला उंचीमुळे सगळे 'खांब' म्हणत, आगाऊपणाचं.

बर्फ गुळगुळीत करणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने भोंगा वाजवला. "साहेब, एकाला तरी हलवा, नाहीतर दोघांसकट सपाट करतो!"

"तुमचं काय जातंय बोलायला!" कोचसाहेब खेकसले आणि तरातरा घसरत थोरल्यापाशी गेले. "तूच सांग बाबा, काय करू?"

थोरल्याने मुखवटा वर केला. "दाजी, इतक्या वर्षांत मला कधी विचारलंत?"

"नाही."

"मग झालं की. विचारताय म्हणजे ठरलंय."

कोचसाहेबांना त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. दोन दिवस डोकं पिकवलं, आणि उत्तर द्यावं मेहुण्याने! त्यांनी मान नव्हे, अख्खा हात हलवला. "खांबा, उतर! आज तू!"

खांब खाली मान घालून उतरला.

"चल, आता तूही चल," कोचसाहेब थोरल्याला म्हणाले.

"थांबा हो. पॅड बांधलेच आहेत तर चार मारा."

ड्रायव्हरने कपाळावर हात मारून घेतला. कोचसाहेबांनी काठी उचलली आणि दोन दिवसांची सगळी चिडचिड खेळाच्या रबरी चकतीवर काढली. पहिली थोरल्याने पॅडवर घेतली. दुसरी हवेत झेलली. तिसरी काठीने परतवली, चौथी आडवा पडून.

"परवा कुठे तडमडला होतास रे?" कोचसाहेब केवढ्याने तरी ओरडले.

"इथेच होतो, दाजी," थोरला पडल्या पडल्या म्हणाला. "चकतीच दुसरीकडून जात होती."