झाकणभर नीळ

बादलीत नीळ. दोन थेंबांऐवजी झाकणभर.

चिखलात पोटरीपर्यंत उतरलेल्या, वाकलेल्या बाया.

चंद्रपुरातलं लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग सेंटर. एसी फक्त कॉम्प्युटरसाठी.

कावीळ.

हा शेवटचा शब्द देवाभाऊंचा. सेंटर त्यांचंच. "माधवी, तुया गान्यातल्या साऱ्या बायाले कावीळ झाली काय वं?"

स्क्रीनवर सावली गावाकडची रोवणी, धानाची लावणी, चालू होती. बांध पिवळा, धानाचं रोप पिवळं, आभाळ पिवळं. ओळीत सगळ्यांच्या पुढे वाकलेली माधवीची आई भागीरथा, तीही पिवळी. गाणं माधवीनंच लिहिलेलं, तिनंच म्हटलेलं. २००७चं कॉलेजचं स्नेहसंमेलन उद्यावर आलेलं. आणि स्वतःला पडद्यावर बघायला आई जन्मात पहिल्यांदा येणार होती, रोवणीच्या सगळ्या बाया घेऊन.

"चेहरे गोरे करून देतो. नवरीले करतो तसे."

"ते माही आई हाये भाऊ, नवरी नाई. गोरी केली त मलेच वळखू नाई येनार."

कॅमेरा धरणारा प्रफुल मागे उभा होता. "म्या त पांढरं दाखवूनच कॅमेरा सुरू केलता," तो पुटपुटला.

देवाभाऊंनी टेप सुरुवातीला नेली. पहिल्याच चित्रात प्रफुलचा शर्ट, कॅमेऱ्याला 'पांढरं म्हणजे हे' असं शिकवायला भिंगापुढे धरलेला. रंग सुधारायचा ड्रॉपर त्यांनी शर्टावर टेकवला. क्लिक. रंग जराही बदलले नाहीत.

शर्ट एकदम पांढरा.

बाकी सगळं पिवळं.

माधवीनं वळून खऱ्या प्रफुलकडे पाहिलं. अंगात तोच शर्ट. ट्यूबलाइटखाली चक्क आकाशी.

"याले नीळ कोनं देल्ली?"

"म्याच. शूटिंग होती म्हून जराशी जास्त..."

"बैताडा! कॅमेऱ्यानं निळ्यालेच पांढरं धरलं. मंग बाकीचं पिवळं नाई होनार त काय होनार?"

म्हणजे आता दुसरं पांढरं पाहिजे. खरंखुरं. लुगडी सगळी रंगीत, ढगांचा भरवसा नाही. माधवीनं माउस स्वतःकडे ओढला. चिखल. पाय. रोपांच्या पेंढ्या. परत चिखल. मग बांधाच्या टोकाला, चौकटीतून अर्धा बाहेर गेलेला,

बगळा.

ड्रॉपर पंखावर. क्लिक.

हिरवं!

देवाभाऊ खुर्चीतून उठलेच. चिखल काळाशार झाला, लुगडी लाल, जांभळी झाली, आणि भागीरथाचा हात तिच्या हातासारखा दिसला: सावळा, ओला, चकाकणारा. प्रफुलनं अशी शिट्टी मारली की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

"एका पाखरानं माह्या मशीनले पांढरं शिकवलं," देवाभाऊ म्हणाले, आणि तो शॉट आणखी तीनदा चालवून बघितला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पहिल्या कडव्यालाच बाया उभ्या राहिल्या. "हे मी!" "हा माहा पाय हो, पाहा!" मागची पोरं आधी 'बसा बसा' ओरडली, मग तीही उभी राहून टाळ्यांचा ठेका धरू लागली. भागीरथा तेवढी बसून होती. गाणं संपलं तेव्हा तिनं साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "आनखी एकखेप लावता येते काय?"

लावलं.

शूटिंगच्या दिवशी भागीरथानं कॅमेऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. अंधारायच्या आत बांधीतली रोवणी संपवायची होती.