खातूनबाई काट्यावर चढल्या तेव्हा

मित्रांनो, आलापल्लीच्या बाजारात मुश्ताकभाईंच्या दुकानापुढे जो काळा लोखंडी काटा उभा आहे, तो मी. मला म्हातारा म्हणा, हरकत नाही. भंगार मात्र म्हणू नका. पोत्यांनी घासून माझा पाटा गुळगुळीत झाला आहे, पण माझी पितळी दांडी आजही जिथे थांबायची तिथेच थांबते.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. तापलेलं लोखंड साच्यात ओतून माझं अंग घडवलं, आणि एका कारागिरानं मान खाली घालून दांडीवर एकेक रेघ कोरली. ट्रकमधून मी इथे उतरलो तेव्हा मुश्ताकभाईंचे वडील दुकान चालवत होते. तेव्हापासून या जंगलाचं वजन मी पेलत आलो. उन्हाळ्यात मोहफुलं, मग चारोळी, नंतर हिरडा, डिंक, लाख. भामरागडच्या वाटेवरच्या गावांतून दसरूभाऊ नावाचे गोंड शेतकरी टोपली घेऊन यायचे. वाटेत दुसरी दुकानं होती, तरी ते माझ्याचकडे यायचे. "हा काटा लबाड नाई," एवढंच म्हणायचे. मला तेवढी शाबासकी पुरायची.

पण आज मला माझी नाही, खातूनबाईंची गोष्ट सांगायची आहे.

खातूनबाई म्हणजे मुश्ताकभाईंची बायको. सासरे गेल्यावर दुकान खरं तर त्यांनीच सांभाळलं. मोहफूल मुठीत दाबून ते ओलं आहे की सुकं, हे त्या लगेच सांगत. बोलायला धारदार, अंगानं मोठ्या. मुलगी जोया लहान होती तेव्हाच त्यांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर त्याला टाईप टू मधुमेह म्हणतात, आमच्या बाजारात नुसतं 'शुगर' म्हणतात. आधी एक गोळी होती, मग दोन झाल्या, मग पोटात इन्सुलिनची सुई टोचणं आलं. सुई सुरू झाली तशी त्यांची भूक वाढली आणि वजनही वाढलं. वजन वाढलं की सुईतलं औषध वाढे. औषध वाढलं की पुन्हा वजन वाढे.

त्यांनी काही केलं नाही असं समजू नका. भात सोडला, गोड चहा सोडला, सकाळी लाकूड डेपोपर्यंत चालत जाऊ लागल्या. वजन थोडं उतरायचं आणि गुपचूप परत यायचं. मी सगळं पाहत होतो. त्यांच्याइतका निग्रह करताना मी दुसरं माणूस पाहिलेलं नाही.

मुश्ताकभाईंचा धाकटा भाऊ अजीम माझ्यावर माल तोलायचा. काडीसारखा बारीक माणूस. गिऱ्हाइकांसमोर तो म्हणायचा, "भाभी, तोंड बंद ठेवलं ना, तर शुगर पन बंद होते." लोक हसायचे. खातूनबाई गल्ल्यातली चिल्लर उगाच पुन्हा लावत बसायच्या.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्या तळपायात काटा मोडला. एवढासा काटा, पण जखम भरेना. पट्टी बदलली, गोळ्या झाल्या, तरी ती ओलीच. त्यांच्या आईचा पाय याच आजारात गुडघ्याखाली कापावा लागला होता, आणि त्यानंतर ती बाई फार जगली नव्हती. खातूनबाई पाय स्टुलावर ठेवून बसत. बोलताना त्यांची नजर सारखी त्या पट्टीकडे जाई.

जोया तेव्हा गडचिरोलीला नर्सिंग शिकत होती. सुट्टीत आली आणि पट्टी सोडून तिनं जखम नीट पाहिली. नंतर म्हणाली, "अम्मी, वजन कमी करायचं एक ऑपरेशन असते. जाड लोकाइची शुगर पन त्यानं उतरते. नागपूरच्या डॉक्टरबाईले मी विचारलं. त्यायनं पहिले तुझं वजन विचारलं."

वजन करायला खातूनबाई गावातल्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या काट्यावरचे आकडे एकशे वीसला संपत होते. सुई तिथे जाऊन आदळली आणि अडकून बसली. रांगेतल्या कुणीतरी म्हटलं, "काटा मोडला वाटते," आणि अख्खी रांग हसली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दुकानापुढे माणसांची दाटी होती. खातूनबाई लंगडत पायरी उतरल्या आणि अजीमला म्हणाल्या, "पोतं उतरव. मले चढू दे."

अजीमला वाटलं, थट्टा करतात. पोतं उतरवलं आणि हसत म्हणाला, "भाभी, हा मोहाचा काटा आहे."

"मंग? मोह तोलताना तू हसतोस का?"

त्या माझ्या पाट्यावर उभ्या राहिल्या. एका हातानं माझा खांब धरला होता आणि तो हात थरथरत होता, हे फक्त मला कळलं. अजीमनं वजनं अडकवली, दांडीवरचा ठोकळा सरकवला. मी थांबलो. अजीम आकडा पुटपुटला.

"मोठ्यानं सांग," खातूनबाई म्हणाल्या. अजीम खाली पाहू लागला. तेव्हा त्यांनीच मान वळवून माझी दांडी वाचली आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं, "एकशे सव्वीस. ऐका सगळे. ज्याले हसाचं त्यानं आताच हसून घ्यावं. उद्यापासून मले टाइम नाई."

कुणी हसलं नाही. दसरूभाऊ पुढे आले आणि त्यांना उतरायला हात दिला. "बाई," ते म्हणाले, "वजन तं झाडालेही असते."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. मला अभिमान वाटतो की नाही हे मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी एक रेघही इकडेतिकडे न होता मी जसा उभा राहिलो, तसा पुन्हा क्वचितच राहिलो असेन.

नागपूरला जाऊन, तपासण्या करून त्या परतल्या आणि घरात वाद सुरू झाला. मुश्ताकभाई वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. दुकान बंद करताना माझ्याशेजारी बसून म्हणाले, "चांगलं पोट कापून घ्याचं? टेबलावर काही झालं तं मी काय करू?"

"अन् असीच बसून राह्यली तं?" खातूनबाईंनी विचारलं. "आधी पाय जाईन, मंग डोळे. अम्मीचं पाह्यलं ना तुमी? डॉक्टरबाईनं खोटं नाई सांगितलं. म्हनाली, धोका आहे, पन थोडा आहे. म्हनाली, शुगर जाईनच अशी ग्यारंटी नाई. गेली तरी परत येऊ शकते. जिंदगीभर गोळ्या घ्या लागन, तपासाले या लागन. मी सगळं आयकलं. तरी मी जातो."

"लोक म्हनतीन, आळशी बाई, मेहनत नाई केली, कापून घेतलं."

"लोकाइच्या पायात जखम नाई ना."

मुश्ताकभाईंनी उठून दुकानाच्या फळ्या लावल्या आणि म्हणाले, "मी संगं येतो."

त्या ऑपरेशनला गेल्या तेव्हा अजीमनं बॅटरीवर चालणारा नवा काटा आणला. लाल आकडे झगमगायचे. मला भिंतीला लावून ठेवलं आणि माझ्या पाट्यावर छत्र्या, चपला, रिकामी पोती येऊन पडली. दसरूभाऊ आले, नव्या काट्याकडे पाहिलं, माझ्यावरची पोती बाजूला केली आणि टोपली माझ्यावरच ठेवली. अजीमला गुपचूप तोलावं लागलं.

खातूनबाई परत आल्या त्या फिकट चेहऱ्यानं, सावकाश पावलं टाकत. जोया सोबत होती. त्यांनी आधी माझ्यावरच्या छत्र्या काढायला लावल्या आणि वर चढल्या. मला वाटलं होतं, आता मी मोठा चमत्कार दाखवणार. पण वजन अगदी थोडंच उतरलं होतं. मी खजील झालो.

तेवढ्यात जोया वडिलांना म्हणाली, "अब्बा, सुई बंद झाली. दवाखान्यातच शुगर उतरली. आता एकच गोळी आहे."

मला कळेना. वजन तर अजून तिथेच होतं, मग साखर कशी गेली? मुश्ताकभाईंनीही हेच विचारलं. जोयानं समजावलं. पोटाची छोटी पिशवी केली आहे आणि आतड्याचा वरचा भाग सोडून अन्न थेट खाली पोहोचतं. तिथे पोहोचलं की आतडं शरीराला वेगळे निरोप धाडतं. भूक कमी होते, शरीरातलं स्वतःचं इन्सुलिन नीट काम करू लागतं. सुरुवातीला खाणंही अगदी थोडं असतं. म्हणून वजनाच्या आधी साखर उतरते.

जन्मभर मला वाटत आलं होतं की जे काही असतं ते वजनात असतं. त्या दिवशी कळलं, माणसाच्या आत असं बरंच काही चालतं जे माझ्या दांडीला दिसत नाही.

पुढचे महिने सोपे नव्हते. दोन घास जास्त झाले की उलटी व्हायची. केस मूठमूठ गळले. ईदला घरभर शीरखुर्म्याचा वास होता आणि त्या वाटीत पातळ वरण घेऊन बसल्या होत्या. एकदा दुकानात कुणी नसताना त्यांना रडूही आलं. पण पायाची जखम कडेकडेनं सुकत गेली आणि एक दिवस पट्टी निघाली. मग वजनही माझ्या दांडीवर महिन्यामहिन्याला मागे सरकत गेलं. शेवटची गोळीही डॉक्टरबाईंनी थांबवली. खातूनबाई मोहाच्या हंगामात जोयाच्या स्कूटरवर मागे बसून थेट जंगलातल्या गावांत माल घ्यायला जाऊ लागल्या. लग्नानंतर त्या पहिल्यांदाच तिकडे जात होत्या.

काही वर्षं अशी गेली. जोया नर्स होऊन परतली. मग एका तपासणीत साखर पुन्हा थोडी वर आली. एक गोळी परत सुरू झाली. खातूनबाईंनी ते लपवलं नाही. गल्ल्यावर बसून, पाण्याच्या घोटासोबत, सगळ्यांसमोर गोळी घेतली.

अजीमला संधी मिळाली. "पाह्यलं भाभी? पोटही कापलं अन् शुगर वापसही आली. काय भेटलं?"

दुकानात चारचौघे होते. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. खातूनबाई शांतपणे म्हणाल्या, "इतके साल भेटले, अजीम. बिना सुईचे. दोन पायावर. अन् पुढंही वापस आली तं पुढंही लढन मी. तापाले औषध घेतो, पुन्हा ताप आला तं कोनी म्हनत नाई का पहिले काऊन उतरवला." मग जरा थांबून म्हणाल्या, "तू बारीक आहेस म्हनून बिनघोर नोको राहू. शुगर बारीक मानसालेही होते. मंगळवारी जोया इथंच लोकाइची शुगर तपासते, तू पन बस."

मंगळवारी बाह्या वर करून जोयासमोर बसलेला अजीम मी पाहिला.

मित्रांनो, हे ऑपरेशन प्रत्येकासाठी नसतं. कुणाला गोळी पुरते, कुणाला चालणं आणि मोजकं खाणं पुरतं. ते डॉक्टरांनी ठरवायचं. माझं सांगणं वेगळं आहे. आजारी माणसाला आळशी म्हणू नका. त्यानं शोधलेल्या वाटेला पळवाट म्हणू नका. आणि मला थट्टेचं हत्यार करू नका. मला वाटलं तर गंज चढू द्या, भिंतीला लावा, माझ्यावर चपला ठेवा. मी ते सोसेन. पण कुणी माझ्या पाट्यावर उभं राहून खांबाला धरलं, तर त्या थरथरत्या हाताची बाजू मी घेणार. कारागिरानं माझ्या दांडीवर फक्त आकडे कोरले आहेत. हसणं कोरलेलं नाही.